हरलेल्या बाईचे दोन शब्द

जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाल्यावर गुलाबचंद हेडाऊ शहराच्या टोकाला बेसाला राहायला गेले, पण शनिवारी सकाळी ते तांडापेठेत असत. ते तिथलेच. वडील हातमागावर लुगडी विणत, आई सुताच्या कांड्या भरत असे. पुढे माग थांबले आणि विणकरांची पोरं बुटीबोरीच्या कारखान्यांत लागली. समाजभवनात सतरंजी टाकून हेडाऊ साहेब बसत. बायामाणसं कागद घेऊन येत. साहेब स्वतः वाचून दाखवत नसत, ज्याचा त्यालाच मोठ्याने वाचायला लावत. ज्याला येत नसे त्याला आधी अक्षरं शिकवत. वाचल्याशिवाय सही नाही आणि अंगठाही नाही, एवढा एकच नियम.

साहेबांना पंच्याहत्तरावं लागलं तेव्हा समाजाच्या मंडळाने सत्कार ठरवला. सचिव भूपेश यादी घेऊन बेसाला आला.

"साहेब, तुमच्या हातून न्याय भेटलेलं एखादं माणूस सांगा. स्टेजवर दोन शब्द बोलाले पायजे."

"रुखमाबाई सोनकुसरे," साहेब म्हणाले. "तिचा दावा मी फेटाळला होता."

भूपेशचा पेन थांबला. "हरलेली बाई? सत्काराले?"

"तिलेच बोलवा. अन् काय बोलाचं ते शिकवू नका."

गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची, एका तालुक्याच्या कोर्टातली. रेशनकार्डात नाव चढवायचं आहे असं सांगून भावांनी रुखमाबाईला तालुक्याला नेलं आणि हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतला. बापाच्या घरातला वाटा तिने सोडला, असं त्यात होतं. सात वर्षांनी घर विकायला निघालं तेव्हा तिने वाट्यासाठी दावा लावला. कागद नोंदणीकृत होता, त्यावर दोन साक्षीदार होते आणि फसवणुकीचा पुरावा काहीच नव्हता. हेडाऊंनी दावा फेटाळला. निकाल ऐकून बाई जागच्या जागी उभी राहिली.

"साहेब, आंगठा माहाच हाय. पण कागदात काय लिवलं होतं, ते कोर्टात आल्यावरच मले समजलं."

पुरावा नोंदवायचं काम केव्हाच संपलं होतं. हे बोलणं कुठे नोंदवावं अशी जागा नव्हती. हेडाऊंनी पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं. बाईने अपील केलं नाही. हजारो निकाल दिलेल्या माणसाला त्यातला हाच का आठवत राहिला, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पत्नी सत्यवतीला ठाऊक होतं. शनिवारचा वर्ग सुरू केला तेव्हा तिने कारण विचारलं नव्हतं.

भूपेशने शोध काढला. रुखमाबाई आता लकडगंजात मुलीकडे राहत होती. जावई लाकूड कापायच्या आरामशीनवर कामाला होता.

"हेडाऊ जज? मेला का?" तिने विचारलं.

"नाई वं माय, सत्कार हाय त्याचा."

"मंग मी काहून येऊ?"

"त्याईनंच तुमचं नाव सांगितलं."

 बाईने तारीख विचारली.

सत्काराला समाजभवन भरलं होतं. शाल झाली, श्रीफळ झालं, मानपत्राचं वाचन झालं. मग रुखमाबाई स्टेजवर चढली. माइक तिने हातभर लांब धरला.

"ह्या साहेबानं मले हरवलं. माह्या बापाचं घर गेलं. भाऊ खोटं बोलले अन् कागद खरा निंगाला. लय दिवस मी ह्याले शिव्या देल्ल्या. आताबी माफ केलं असं म्हणत नाई. पण इथं हे बायाइले कागद वाचाले शिकवून राहिले म्हणते. तवा मले कोणी शिकवलं असतं तं कोर्टात जायाचं कामच नव्हतं. बस, येवढंच."

टाळ्या वाजवाव्या की नाही, ते कुणाला कळेना. हेडाऊ उभे राहिले, त्यांनी तिला नमस्कार केला.

उत्तराचं भाषण त्यांनी चार वाक्यांत संपवलं. "रुखमाबाई बोलल्या ते खरं आहे. कायद्याने माझा निकाल बरोबर होता. तेच कागद समोर आले तर आजही मला तोच द्यावा लागेल. पण त्यांचं घर गेलं, ते गेलंच."

जेवणाच्या पंगतीत ते तिच्यापाशी गेले. "शनिवारी वर्गाले येता का?"

"येवढ्या दूर? लकडगंजात बाया नाई काय? तिथं उघडा न तुमचा वर्ग."

 तिने पोळीचा तुकडा वांग्याच्या रश्श्यात बुडवला आणि ती जेवत राहिली.

पुढच्या महिन्यात लकडगंजात, लाकडाच्या एका वखारीमागच्या खोलीत, बुधवारचा वर्ग सुरू झाला. जागा जावयाने मालकाला विचारून मिळवली. बाया रुखमाबाईने घरोघर फिरून गोळा केल्या. पहिल्या दिवशी नऊ आल्या, दिवाळीनंतर सोळा झाल्या. ती स्वतः दाराशी बसते, उशिरा येणारीला झापते. पाटी मात्र हातात धरत नाही. साहेबांनी दोनदा पुढे केली, दोन्ही वेळा तिने ती शेजारच्या बाईकडे सरकवली.