पडद्यावर बैल नकोत

तेलगावच्या चौकात माझं फ्लेक्सचं दुकान आहे आणि समोर राधाकिशन पेंटरचं. फ्लेक्स आलं तेव्हा भागातल्या बहुतेक पेंटरांनी ब्रश गुंडाळून ठेवले. कुणी रिक्षा घेतली, कुणी माझ्यासारखं मशीन. राधाकिशन हटला नाही. ट्रॉलीच्या फाळक्यावर मोर, देवळाच्या भिंतीवर महादेव, शाळेच्या भिंतीवर पाढे, असलं काम करून तो कसाबसा घर चालवतो. पण रुबाब असा, की अंगातल्या पांढऱ्या शर्टावर रंगाचा थेंब दिसायचा नाही. मी चिडवलं की म्हणतो, "कामाचा डाग अंगावर कावून मिरवायचा बे?"

गावात त्यानं सांगून ठेवलं होतं, की आमचं घर मूळचं चांगल्या शेतीवाल्याचं. डोंगराकडं जमीन होती, देखणी बैलजोडी होती, बापाला बैलांचा नाद होता. बायकोला, सासरच्यांनाही हेच सांगितलेलं. खरं काय ते मला माहीत होतं. त्याचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की घराला कुलूप आणि गाडीवर संसार. आता आमच्या भागात अर्ध्या घरांतल्या माणसांनी कोयता धरलाय, त्यात लाजायचं काय हे मला कधी कळलं नाही. पण लाज काही विचारून येत नाही.

आम्ही दोघं विशीत असताना एकाच उस्तादाच्या हाताखाली होतो. एका वर्षी कऱ्हाडकडच्या एका कारखान्याच्या भिंती रंगवायचं काम आम्हाला मिळालं. त्या हंगामात राधाकिशनचे आईबाप त्याच कारखान्याला ऊस घालत होते. हे त्याला माहीत होतं, आम्हाला नव्हतं.

आम्ही परांचीवर चढून घोषणा रंगवत होतो. खाली आवारात उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. त्यातल्या एका गाडीचा एक बैल मटकन खाली बसला आणि काही केल्या उठेना. पुढची गाडी सरकली की आपण सरकायचं, नाहीतर नंबर जातो. गाडीवाला चाकाला भिडला. त्याच्यासोबतच्या बाईनं बसलेल्या बैलाला सोडलं, खांद्यावर पदराची घडी ठेवली आणि त्याच्या जागी स्वतः जुवाखाली शिरली. एका बाजूला बैल, एका बाजूला ती. गाडी हलली. रेटत रेटत ती दोघं नेमकी आमच्या खाली आली. बाईनं वर पाहिलं आणि तिचं तोंड उजळलं.

"राधा, ए राधा, खाली उतर रं. जरा हात लाव बापाला."

मी विचारलं, "तुला बोलावतीय का बे ती?"

राधाकिशननं भिंतीवरची नजर काढली नाही. म्हणाला, "दुसऱ्या कुणाला म्हणत असंल. मी न्हाई वळखत."

परांची काही फार उंच नव्हती. बाईला ऐकू गेलं. तिनं पुन्हा हाक मारली नाही. खांद्यावरची घडी नीट केली आणि गाडी ओढत पुढं गेली. त्या बाईचं आणि राधाकिशनचं नाक एकाच साच्यातलं, मला तेव्हाच कळलं. मी गप्प बसलो. दोस्ताला उघडं पाडू नये, एवढीच अक्कल त्या वयात होती.

पुढं बाप गेला. राधाकिशननं दुकानामागं घर बांधलं आणि आईला आणलं. रतनबाईंना त्यानं काही कमी पडू दिलेलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. खिडकीजवळ खाट, वेळेवर गोळ्या, दातानं चावत नाही म्हणून मऊ भाकरी. पण रतनबाई त्याला राधा म्हणत नाहीत, पेंटर म्हणतात. "पेंटर, जेवायला ये. पेंटर, गिऱ्हाईक आलंय." चौकाला हे म्हातारीचं कौतुक वाटतं. ते कौतुक नाही, हे मी जाणतो आणि तोही. दर हाकेला त्याची मान थोडी खाली जाते.

तर गेल्या उन्हाळ्यात सिरसाळ्याच्या मल्लिनाथअप्पांचा रवि आमच्या चौकात आला. अप्पांचं किराणा दुकान जुनं, घर पक्कं शिवभक्त. रवि हैदराबादला कंपनीत लागला आणि तिथं मॉर्मन झाला. ख्रिस्ताला मानणारी, अमेरिकेत सुरू झालेली ही मंडळी. बातमी कळली तेव्हा अप्पांनी दोन वर्षं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. आता जातो-येतो.

त्यांच्या मंडळीत जुलै महिन्यात एक सण असतो. जुन्या लोकांनी गाड्यांवर संसार लादून केलेल्या प्रवासाची त्या दिवशी आठवण काढतात. हैदराबादची पोरं त्यावर नाटक बसवणार होती आणि त्याला मागं लावायला पडदा हवा होता. मी म्हणालो, फोटो दे, आत्ता फ्लेक्स काढतो. रवि म्हणाला, "न्हाई सुरजकाका, हातानं रंगवलेलाच पायजे. शिवांजलीचा अभ्यास हाय त्याच्यावर." शिवांजली त्याची बायको, कॉलेजात शिकवते. ज्यांनी तो मुलूख कधी पाहिला नाही, अशी माणसं तोच प्रवास आपल्या हातानं कशी रंगवतात, यावर ती प्रबंध लिहीत होती. गिऱ्हाईक गेलं समोर. मी मनात दोन शिव्या हासडल्या.

रविनं राधाकिशनला मोबाईलवर एक करडं, धुरकट चित्र पाठवलं आणि हैदराबादला गेला. राधाकिशननं मांजरपाट शिवून घेतला, खळ दिली आणि कामाला लागला. महिन्याभरानं रवि पाहायला आला, तेव्हा मीही दुकान सोडून गेलो. पडदा पाहून डोळे निवले. मागं बर्फाचे डोंगर, खाली पिवळं माळरान, आणि त्यावरून चाललेली गाड्यांची रांग. एकेका गाडीला असे खिलार बैल, की पोळ्याला मान मिळावा. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं.

रवि हसत सुटला.

"कावून हसतो?" राधाकिशननं विचारलं.

"काका, बैल कुठून आले? फोटोत होते का?"

"फोटो चुकलाय तुझा. गाडीला माणसं जुंपलेली दाखवलीत. मी नीट केलं."

"चुकला न्हाई. ती हातगाडीच हाय. माणसांनीच ओढल्या गाड्या."

मग त्यानं सगळं सांगितलं. इंग्लंड-डेन्मार्कमधली गरीब माणसं या धर्मात आली आणि अमेरिकेतल्या एका लांबच्या खोऱ्यात आपल्या लोकांत राहायला निघाली. बैलगाडीची ऐपत नव्हती. मग लाकडी हातगाड्या केल्या, त्यावर पीठ आणि पोरं घातली आणि बायका-पुरुषांनी त्या शेकडो कोस ओढल्या. दोन तांडे उशिरा निघाले आणि बर्फात सापडले. कितीतरी माणसं वाटेतच पुरावी लागली.

राधाकिशन ऐकत होता, पण त्याचा चेहरा उतरला होता. "तसं असंल," तो म्हणाला, "पर चित्रात कशाला? देवाधर्माचं काम हाय. माणसं बैलावानी दाखवायची, लोक काय म्हणतील? झाकावं जरा."

"झाकायचं कशाला? आमच्यात कुणाच्या पणजीनं गाडी ओढली असंल, तर तो चारचौघांत मानानं सांगतो. गाणी रचलीत त्यांच्यावर. काका, पडद्यावर बैल नकोत."

"आन् लाज न्हाई वाटत त्यान्ला?"

"कशाची?" रविनं साधेपणानं विचारलं.

तेवढ्यात रतनबाई चहा घेऊन आल्या. रवि म्हणाला, "आजी, मी च्या घेत न्हाई. आमच्या धर्मात चालत न्हाई."

"बाप तर गावाला च्यापत्ती इकतो की," रतनबाई म्हणाल्या. आम्ही हसलो. राधाकिशन हसला नाही. तो बैलांकडं पाहत बसला होता.

त्यानंतर त्यानं दुकानाचं अर्धं शटर ओढून काम केलं. मी डोकावलो तर म्हणायचा, "झाल्यावर बघ." बैलांवर पांढरा रंग फिरला. त्यांच्या जागी माणसं आली.

रवि शिवांजलीला घेऊन आला, त्या दिवशी राधाकिशननं पूर्ण शटर वर केलं. मी पडदा पाहिला. लांब झगे, डोक्याला बांधलेल्या टोप्या, सगळं परदेशी. पण सगळ्यांत पुढच्या गाडीची बाई हातगाडीचा दांडा छातीशी धरून चाललेली नव्हती. तिचा खांदा जुवाखाली होता. खांद्यावर कापडाची घडी होती. आणि ती वर पाहत होती, उजळलेल्या तोंडानं, जणू वर कुणी ओळखीचं दिसलंय. नाक कुणाचं ते मी सांगायला नको.

शिवांजली त्या बाईपाशी जाऊन उभी राहिली. मग मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करून तिनं विचारलं, "काका, बाकीच्यांच्या हातात दांडा आहे. हिच्याच खांद्यावर जू कसं?"

"चुकून झालं," राधाकिशन म्हणाला आणि त्यानं रंगात ब्रश बुडवला. "बदलतो."

"बदलू नका. कुणाला डोळ्यांपुढं ठेवून काढलीत ही?"

"कुणाला न्हाई, म्याडम. फोटोतून घेतली."

मला त्या क्षणी त्याचा राग आला. परांचीवरचा तो आणि हा, मधे सगळं आयुष्य गेलं आणि माणूस तिथंच उभा. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर दारात रतनबाई. पाहुण्यांसाठी लिंबाचं सरबत करून आणलेलं, चहा चालत नाही हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. शिवांजलीनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा पडद्याकडं.

"आजी, ही बाई तुमच्यासारखी दिसते."

रतनबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. पडद्याजवळ गेल्या. पाहिलं, आणि आपसूक त्यांचा हात स्वतःच्या खांद्यावर गेला. मग तो त्यांनी खाली घेतला.

"मी न्हाई बाई ती," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं बैल होते. लई देखणे. पेंटरच्या बापाला नादच होता बैलाचा."

राधाकिशनचंच वाक्य. गावाला सांगितलेलं, अक्षर न् अक्षर. इतकी वर्षं म्हातारीनं ते त्याच्यासाठी जपून ठेवलं होतं. राधाकिशनचे कान लाल झाले. हातातला ओला ब्रश शर्टाला लागला होता, त्याचं त्याला भान नव्हतं. मी त्याच्याकडं पाहू शकलो नाही.

"म्याडम," तो म्हणाला, "हीच हाय ती. माजी आई. कारखान्यावर बैल बसला, तवा जुवाला खांदा दिलता हिनं. मी वर रंग मारीत हुतो. मला हाक मारली, तर म्हणलं, वळखत न्हाई. माज्या आईला."

शिवांजलीनं रेकॉर्डिंग बंद केलं.

रतनबाई रागावल्या नाहीत. "आता सांगून काय करतो, पेंटर," त्या म्हणाल्या. "हाक तवा मारलती." आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "सरबत घ्या. थंड हाय तवर बरं लागतं."

पडदा हैदराबादला गेला. राधाकिशनला मात्र वेड लागल्यासारखं झालं. ज्याला त्याला धरून सांगू लागला. बायकोला सांगितलं, सासऱ्याला फोन केला, चौकातल्या पानवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं, की आम्ही ऊसतोडे, आईनं गाडी ओढली आणि मी तोंड फिरवलं. लोकांनी ऐकलं आणि म्हणाले, मग काय झालं? पानवाला म्हणाला, आमची आई तर आठव्या महिन्यात मोळ्या वाहत होती. सासरा म्हणाला, मला पहिल्यापासून माहीत होतं, तुमच्या टोळीचा मुकादम आमच्या भावकीतला. एकाही माणसानं भुवई वर केली नाही.

एका संध्याकाळी तो माझ्या दुकानात येऊन बसला. "कुनालाच काही वाटत न्हाई, सुरज," तो म्हणाला. "मंग मी त्या दिवशी कुनाला भेत हुतो बे?" मी मशीन बंद केलं आणि त्याच्या शेजारी बसलो. मागच्या घरातून हाक आली, "पेंटर, जेवायला ये." तो उठला आणि शरमलेल्या पोरासारखा गेला.

जुलैत सणाच्या दिवशी रविचा व्हिडिओ कॉल आला. मी तिथंच होतो. नाटक संपलं होतं, पोरं अजून झग्यांत आणि टोप्यांत होती, मागं आमचा पडदा. रवि म्हणाला, "काका, आजींना द्या फोन. पुढच्या गाडीची बाई खरी कोण, हे मी आत्ता सगळ्यांना सांगितलं."

राधाकिशननं फोन आईपुढं धरला. रविनं तिकडं फोन फिरवला. हॉल भरलेला होता. पुढच्या रांगेतली एक म्हातारी पहिल्यांदा उठली, मग तिच्या मागचे, मग सगळे. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते उभे होते.

"आजी, तुमच्यासाठी उभे राहिलेत," रवि म्हणाला.

रतनबाई गोंधळल्या. त्यांनी पदर डोक्यावर नीट केला. मग फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "बसा म्हणावं. बसा की, बाबांनो. पाय दुखतील."

तिकडं कुणी बसेना. रतनबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि फोन लेकाकडं सारला. राधाकिशन वाकून उभा होता, तिच्या तोंडाकडं टक लावून. तो कोणत्या हाकेची वाट पाहत होता ते मला कळत होतं.

"घे, पेंटर," त्या म्हणाल्या. "तुज्या गिऱ्हाइकाचा फोन हाय."