उजेडाचा नग

आदिलाबादच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेचं सामान सांभाळणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या लेखी जगातली प्रत्येक वस्तू म्हणजे 'नग'. जावयालाही ते "आमचा मोठा नग" म्हणत.

उजेडावर वीज देणारा नवा फोटोसेल प्रयोगासाठी आला, तो त्यांनी मखमलीत गुंडाळून कुलपात घातला. "पोरं फोडतीन, बाई."

मी तेव्हा नवी लेक्चरर. खळीची साडी नेसली की सगळे आपलं ऐकतात, असं समजणारी बावळट! मी त्यांना समजावलं, "अहो, उजेड पाण्यासारखा वाहत नाही, सुट्या कणांनी येतो. निळ्या उजेडाचा एकच कण या सेलमधल्या धातूतून इलेक्ट्रॉन उडवतो. तांबड्याचा कण दुबळा, कितीही ओता, काही हलत नाही. पोरांनी हे डोळ्यांनी बघायला नको?"

"म्हंजे उजेडबी नगानंच येते?" ते खुलले. मला वाटलं, जिंकले!

कुठलं काय! तामसीहून बसनं येणारी पोरं पुस्तकातलं चित्रच पाठ करून परीक्षा देत राहिली. स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी या गृहस्थांनी तो फोटोसेल सगळ्यांसमोर माझ्या हातात ठेवला.

"घ्या बाई. उजेडाचा एकबी नग लागू देल्ला नाई."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना शालसुद्धा पांघरवली! इतकी वर्षं मी त्या माणसावर तांबडाच उजेड ओतत बसले होते.