रंग न घातलेली प्लेट

आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर ही जागा सगळ्या विद्यापीठाची आहे अशा अर्थाची एक सुबक पाटी लावलेली आहे. पाटी लावणाऱ्याने एकदा आत येऊन कचऱ्याचा डबा बघावा अशी माझी फार इच्छा आहे. सगळ्यांची लॅब म्हणजे सगळ्यांनी वापरायची आणि एका बाईने पुसायची. ती बाई मी. गेली अकरा वर्षं मी या तळघरातल्या तीन खोल्या, दोन स्वयंचलित मायक्रोस्कोप आणि प्लेटा उचलून ठेवणारा एक यांत्रिक हात सांभाळते आहे. तिन्ही यंत्रांपैकी तो हात सगळ्यात समजूतदार आहे, कारण त्याला स्वतःचं मत नाही.

काम सांगायला सोपं आहे. प्लेट म्हणजे आपलं आप्पेपात्र समजा, फक्त तळहाताएवढं, प्लास्टिकचं, आणि खळगे तीनशे चौऱ्याऐंशी. प्रत्येक खळग्यात जिवंत पेशी वाढवायच्या, प्रत्येकात वेगळं औषध टाकायचं, मग पेशीतल्या ज्या गोष्टीचा शोध आहे तिला चिकटणारा चमकता रंग घालायचा आणि प्लेट यंत्रात सरकवायची. यंत्र एकेका खळग्यावर प्रकाश टाकून फोटो काढतं आणि किती चमकलं ते मोजतं. जिथे जास्त चमकलं तिथलं औषध उपयोगी असू शकतं. असू शकतं, एवढंच. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या विद्वानांना त्यातलं 'शकतं' ऐकूच येत नाही.

किती प्रकारचे लोक येतात म्हणून सांगू! एकाने दीड इंची लेन्स हात पुसायच्या खरखरीत कागदाने घासली आणि वर मलाच विचारलं, की फोटो धूसर का येतात. एक बाई दर खेपेला प्लेट उलटी घालते आणि यंत्राची तक्रार करते. एक प्राध्यापक फोटो बघून म्हणाले, "छान आहे, पण जरा जास्त पटेल असं करता येईल का?" मी म्हटलं, येईल की, ब्रश आणून देते. ते हसले नाहीत. मीही हसले नव्हते.

माझी जीभ तिखट आहे हे मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमानच होता. माझ्या हाताखाली यंत्र शिकलेला एकही विद्यार्थी बोलणी खाल्ल्याशिवाय बाहेर पडलेला नाही. घरी मुलगी म्हणायची, "आई, पीपल आर अ‍ॅक्च्युअली स्केअर्ड ऑफ यू." मी म्हणायचे, असू देत, लेन्स तरी वाचतात. अमेरिकेतल्या या कॅरी गावात आम्हा मराठी मंडळींची शनिवारी जेवणं होतात, तिथेही माझी हीच ख्याती. पुण्याहून आलेल्या एका आयटीवाल्याने भात दुसऱ्यांदा वाढून घेता घेता विचारलं, "म्हणजे वहिनी, तुम्ही तिथे फोटो काढता?" मी म्हटलं, "हो ना, आणि तुम्ही टायपिंग करता." नवऱ्याने घरी येईपर्यंत गाडीतला रेडिओ मोठ्याने लावून ठेवला.

अशा माझ्याकडे ती मुलगी आली. नागपूरची, तिथल्याच सायन्स कॉलेजातून एमएस्सी झालेली, इथे पीएचडीच्या पाचव्या वर्षाला. पहिल्या दिवशी दारातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, मराठीत बोललं तर चालेल का?" आठवड्याभरात मॅडमची काकू झाले. तिने पहिल्याच दिवशी हातमोजे घालून दाराच्या मुठीला हात लावला आणि मी तिला असं झापलं, की बाजूच्या खोलीतला माणूस बघायला आला. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी मोजे काढून मूठ धरली, आत आली आणि मोजे परत घातले. मला ती आवडली. अर्थात तसं मी तिला सांगितलं नाही.

तिचा विषय स्नायूंच्या एका आजाराचा होता. त्या आजारात स्नायूंच्या पेशी एक प्रथिन बनवायचं जवळजवळ थांबवतात. ते पुन्हा बनायला लावेल असं औषध हजारो औषधांतून तिला शोधायचं होतं. प्रथिनाला हिरवा रंग. जिथे हिरवं वाढलं तिथे प्रथिन वाढलं. चार वर्षं काहीही वाढलं नव्हतं. तिच्या गाईडने तिला स्पष्ट बजावलं होतं, की या वर्षात काही हाती लागलं नाही तर मास्टर्स घेऊन बाहेर पड. बाहेर म्हणजे व्हिसा संपला, नागपूरला परत, नावापुढे डॉक्टर न लागता. ती मला हे प्लेटा धुता धुता, पावसापाण्याबद्दल बोलावं तसं सांगायची.

या गाईडबद्दल काय बोलावं? दिसायला रुबाबदार, बोलायला गोड आणि स्वतःच्या बुद्धीवर निस्सीम भक्ती. एकदा दोघंही स्क्रीनसमोर बसले होते. मी मागून म्हटलं, की प्लेटच्या कडेचे खळगे लवकर सुकतात, तिथल्या आकड्यांवर विसंबू नका. त्यांनी मान वळवली आणि लहान मुलाला सांगावं तशा प्रेमाने म्हणाले, "जीवशास्त्राचं आम्ही बघतो. तुम्ही यंत्र इतकं छान चालू ठेवता, त्याबद्दल आम्ही खरंच आभारी आहोत." माझी पीएचडी पेशींच्या जीवशास्त्रातली आहे. हे गृहस्थ शाळेत बेडूक कापत होते तेव्हा मी पुण्यात पेशी वाढवत होते. मुलगी खाली मान घालून वहीत काहीतरी गिरवत राहिली. पुढच्या आठवड्यात प्लेटच्या कडा रिकाम्या सोडलेल्या आल्या. ही कल्पना सरांची, असं मला सांगण्यात आलं. इथे प्राध्यापकालाही नावाने हाक मारतात, पण मराठीत बोलताना ती 'सर'च म्हणायची.

तो अपमान मला लागला. वरवर नाही, चांगला आत लागला. मी ठरवलं, बरं तर, जीवशास्त्र तुमचं. आपण आपली यंत्रं चालू ठेवू.

महिन्याभराने एका सकाळी ती जवळजवळ धावतच माझ्या टेबलापाशी आली. "काकू, पाहा न! एकच वेल, पण पाहा न!" मी स्क्रीनसमोर गेले. सगळ्या काळोख्या खळग्यांत एक खळगा, म्हणजे तिची ती वेल, हिरवागार होता. मी चित्र मोठं केलं आणि मला एका नजरेत कळलं. ते प्रथिन पेशीच्या कडेला असतं. इथे पेशी अख्खीच्या अख्खी हिरवी होती, मधला गाभासुद्धा. मेलेल्या पेशींचे तुकडे तर सगळ्यात जास्त हिरवे. मेलेली पेशी कसलं प्रथिन बनवते? मग मी औषधाची कुपी बघितली. पिवळी. हळदीचा हात निळ्या दिव्याखाली धरला तरी हिरवा चमकतो. पिवळी पूड दिसली की आमच्या धंद्यात आधी तिच्यावरच संशय घ्यायचा असतो. प्रथिन वाढलेलंच नव्हतं, औषध स्वतःच चमकत होतं.

तपासायला सोपं असतं. पेशींत औषध टाकायचं, पण रंग घालायचाच नाही. तरीही हिरवं दिसलं तर विषय संपला. एवढंच तिला सांगायचं होतं. एक वाक्य.

मी म्हटलं, "बरं आलंय चित्र."

ती मटकन खुर्चीत बसली. "चार वर्षं काकू," एवढंच म्हणाली. संध्याकाळी कॅरीच्या इंडियन दुकानातून पेढ्यांचा डबा घेऊन आली आणि पहिला पेढा तिने मला दिला. मी तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच ती परीक्षा केली. आमच्याकडच्या पेशी घेतल्या, तिच्या कुपीतला थेंब टाकला, रंग घातला नाही, दुपारी प्लेट यंत्रात सरकवली. हिरवीगार. मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण आनंदच झाला होता, एखाद्या गर्विष्ठ माणसाच्या पाठीला कागद चिकटलेला फक्त आपल्यालाच दिसावा तसा. मी फाइल न ठेवता स्क्रीनवरची खिडकी बंद केली. माझ्या डोळ्यांसमोर ते गाईड मोठ्या सभागृहात उभे होते, मागे पडद्यावर हिरवी चित्रं होती, कुणीतरी हात वर करून रंगाविना चाचणीबद्दल विचारत होतं आणि साहेब तोंडावर पडत होते. या चित्रात मुलगी कुठेच नव्हती. मी तिला त्यात घेतलंच नव्हतं.

पुढचे सात महिने मी मजा बघितली, दुसरा शब्द नाही. त्यांनी त्या औषधाची भावंडं मागवली, सगळी पिवळी. सगळी चमकली. जितकं जास्त टाकावं तितकं जास्त हिरवं, आलेख तर असा सरळसोट चढला, की शाळेतल्या फळ्यावर काढावा. गाईड माझ्या लॅबमध्ये पाहुणे घेऊन यायला लागले. मला बघून मान डोलवायचे. एकदा मुलीने विचारलं, "काकू, हल्ली तुम्ही मला काहीच बोलत नाही?" मी म्हटलं, "आता तू शिकलीस." ती इतकी खूश झाली, की मला क्षणभर सगळं सांगून टाकावंसं वाटलं. मग गाईडचं ते 'आभारी आहोत' आठवलं आणि मी उठून लेन्स पुसायला लागले.

शेवटी गाईडचं भाषण खरोखरच झालं, पण सभागृहात कुणीही हात वर केला नाही. टाळ्या पडल्या. एवढ्या शहाण्यांत एकालाही शंका येऊ नये याचं मला मनापासून हसू आलं. शेवटच्या चित्रावर बारीक अक्षरांत आमच्या विभागाचे आभार होते.

घात झाला तो दुसऱ्या एका विद्यापीठात. त्यांच्याकडे औषध पाठवलं होतं आणि त्यांनी उजेड वगैरे न वापरता पेशी फोडून सरळ प्रथिनच मोजलं. वाढ शून्य. आठवड्यात बातमी मजलाभर झाली. गाईड तोंडावर पडले का? छे. त्यांनी एक लांबलचक ईमेल लिहिली. त्यात विद्यार्थिनीने प्राथमिक तपासणीही केली नव्हती याचं अतीव दुःख होतं. खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं हे अशा माणसांना शिकवावं लागत नाही. मुलीला मास्टर्स देऊन मोकळं करायचं ठरलं.

शेवटच्या आठवड्यात ती फ्रीजरमधल्या तिच्या प्लेटा टाकून द्यायला आली. मी तिला मदत करत होते. दोघींच्या हातांत मोजे, मध्ये पिवळी पिशवी, आणि ती एकेक प्लेट आत सोडत होती. मला ते सहन होईना. मी म्हटलं, "मला माहीत होतं. पहिल्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी रंगाविना करूनसुद्धा बघितलं होतं मी. तुझ्या सरांवर राग होता माझा." सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं, आता ही ओरडेल, आणि तिने ओरडावं असंच मला हवं होतं.

ती स्टुलावर बसली. मोज्यांचं एकेक बोट ओढायला लागली.

"सरांनी विचारलं होतं काकू," ती म्हणाली. "फर्स्ट वीकमध्येच. विदाउट स्टेन चेक केलं का म्हणून."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मग?"

"मीच म्हटलं, नीड नाही. काकूंनी सगळ्या इमेजेस पाहिल्या आहेत. त्या कोणाचं काही सोडत नाहीत. थोडं जरी राँग असतं ना, तर त्यांनी मला तिथल्या तिथे झापलं असतं." तिने डोळे पुसायला हात वर नेला, मोजा आठवला आणि हात खाली घेतला. "सर पण हसले. म्हणाले, खरंय, त्यांनी तक्रार केली नाही म्हणजे नक्की बरोबर असणार. मग आम्ही पुढे गेलो."

ज्या माणसाला धडा शिकवायला मी गप्प बसले होते, त्याने माझ्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवला होता. मी हातातली शेवटची प्लेट पिशवीत सोडली.

ती उठली, पिशवीचं तोंड बांधलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नेहमीसारखं झापायचं होतं ना काकू मला."