कडूबाईच्या नावावरचा मोबाईल

सुप्याच्या एमआयडीसीत कडूबाईचा डबा खाणारी पोरं म्हणायची, काकूंच्या ठेच्यापेक्षा काकूंची जीभ तिखट. डबा न विसळता परत आला, की दुसऱ्या दिवशी ऐकायला मिळायचं, "तुझ्या आयनं भांडी घासायला मला ठिवलंय का रं?" पण तिखट असली तरी बाई हिशोबाला चोख. किराणावाल्याचे पैसे द्यायचे राहिले, तर तिला जेवण जायचं नाही.

अशा बाईला बँकेनं कर्जबुडवी ठरवलं.

झालं असं, की हमरस्त्याला आप्पासाहेबांचा एक गाळा रिकामा झाला. घरातली मेस तिथं न्यायची, चार टेबलं टाकायची, असं कडूबाईनं मनात धरलं. आप्पासाहेब म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत थांबतो. मग सिमेंटवाल्याला देणार." कडूबाई कागद घेऊन बँकेत गेली. साहेबानं कॉम्प्युटरमध्ये डोकावून कागद परत सरकवले.

"बाई, तुमचा स्कोअर पडलाय. मोबाईलचं कर्ज थकलंय."

"कुनाचं?"

"तुमचंच."

"मी कर्ज काडलं आन् मलाच म्हाईत न्हाई व्हय? सही करायला माजं भूत आलं हुतं का?"

साहेब हसला. तिथंच तिचं टाळकं सरकलं.

लेक वृषाली कारखान्याच्या ऑफिसात होती. ती म्हणाली, कुणी किती कर्ज घेतलं, फेडलं, बुडवलं, हे लिहून ठेवणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात. आपला रिपोर्ट वर्षातनं एकदा फुकट बघता येतो. रविवारी डबे गेल्यावर दोघी बघत बसल्या. वर बचत गटाचं जुनं कर्ज, पै न् पै फिटलेलं. खाली मोबाईल, हप्त्यावर घेतलेला, थकलेला.

"आई, ह्याला लावलेला हा फोन नंबर कुणाचाय?"

नंबर कडूबाईला तोंडपाठ होता. तो थोरल्या जावेचा, बनुबाईचा. गावात आधारचा कॅम्प आला, तेव्हा गटातल्या बायकांत मोबाईल एकट्या बनुबाईकडं. ती गटाची अध्यक्ष. सगळ्यांनी आधारला तिचाच नंबर लावला. पुढं घरोघर फोन आले, पण नंबर बदलायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. सगळ्यांचे ओटीपी अजून बनुबाईच्या घरात वाजत होते, आधारच्या झेरॉक्सा गटाच्या पेटीत पडून होत्या, आणि त्याच घरात तिचा लेक मच्छिंद्र होता.

वृषालीनं रिपोर्टवाल्यांकडं तक्रार टाकली. उत्तर आलं, कर्ज देणारा कळवतो तेच आम्ही ठेवतो, त्यांना विचारलंय. हप्त्याच्या कंपनीला फोन लावला, तर तिथली पोरगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, ओटीपी तुमच्या नंबरवर गेला होता, म्हणजे कर्ज तुम्हीच घेतलंय. फसवणूक झाली असेल तर पोलिसांतली तक्रार जोडा."

"म्हंजी माजं नाव तुमी नासवायचं, आन् धुवत मी फिरायचं?"

"अजून काही मदत करू शकते का, मॅडम?"

"पयली कंची केली, ते सांग आदी."

तशीच ती बनुबाईच्या दारात गेली. मच्छिंद्र बाजेवर लोळत तोच मोबाईल बघत होता.

"काकू, चार हप्ते भरलेत मी. मग वडाताण झाली."

"घरातलीच गोष्ट हाय, कडू," बनुबाई म्हणाली. "उद्याच्याला समदं भरून टाकू. कशाला बोभाटा?"

"भरलं तरी डाग ऱ्हातोय, जाऊबाई. उशिरा भरलं म्हून लिवत्यात. ते कर्ज माजं न्हाईच, आसं लिवून पायजे मला."

"मंग पोराला ठान्यात बसवतीस? चुलती हाईस का वैरीन?"

"चुलती हाय म्हून तर त्यानं माजं आधार वापरलं. परक्या बाईचं वापरायला त्याची छाती झाली नसती."

ठाण्यात हवालदारही तेच म्हणाला, घरातलं हाय, मिटवून टाका. कडूबाई बाकावरून हलली नाही. "पुतन्याचं नाव म्या सांगते, तुमी लिवा." त्याचं जेवण निवून गेलं, तेव्हा त्यानं लिहून घेतलं.

ती तक्रार जोडल्यावर कर्ज रिपोर्टातून निघालं. पण महिना कधीच सरला होता. गाळ्यात सिमेंटच्या गोण्या लागल्या होत्या. भावकीत कडूबाईला बोलावणं बंद झालं होतं. "आता तरी शांत झालीस का?" असं कुणी विचारलं, की ती जास्तच भडकायची.

तिनं गटातल्या बायका मारुतीच्या पारावर गोळा केल्या आणि वृषालीला शेजारी बसवलं. "आपापला नंबर लावून घ्या आन् आपापला रिपोर्ट बगा. म्या सांगते म्हून न्हाई, तुमची गरज हाय म्हून."

पहिली रतनबाई बसली. वृषालीनं मोबाईलवर तिचा रिपोर्ट उघडला.

"मावशी, तुमच्या नावावर फ्रीज निघालाय. नंबर तोच."

रतनबाईच्या घरी पाण्याला माठ होता. तिनं सावकाश विचारलं, "आन् ठिवलाय कुटं त्यो?"

कडूबाईनं पदर खोचला. "ऊट रतने. ठान्यात जाऊ."