कुंडीतला दवणा

दवणा, नागदवणा आणि अमेरिकेतल्या माळावरची सेजब्रश ही एकाच घराण्यातली झुडपं. नुसत्या पानांवरून ओळखायला गेलं की भावंडांत होते तशी गफलत होते. म्हणून आम्ही पानांचा अर्क काढतो, त्याचा थेंब पट्टीवर चढवतो आणि अतिनील दिव्याखाली कुठे कुठे ठिपके उजळतात ते बघतो. भंडाऱ्याच्या कॉलेजात मी हेच करते. मुलगी बघायला आलेल्यांना हे समजावून सांगायचं मी आता सोडलं आहे.

दवण्याचा नमुना हवा होता, तो मी वरठीच्या घरूनच आणला. आईने मोहाडीच्या बाजारातून रोप आणून कुंडीत लावलं होतं. फुलला की दवण्याचा वास उतरतो, शेंडे खुडत जा, असं तिने दवाखान्यात जाताना बाबांना बजावलं होतं. ती वारली, सूचना चालू राहिली. बाबा रोज सकाळी शेंडे खुडत, पाणी घालत आणि मग हात खाजवत बसत. डॉक्टरांनी मलम दिलं. मलम लावून ते पुन्हा शेंडे खुडत.

पट्टीवर आमच्या घरचा दवणा एकाही भावंडाशी जुळेना. मी आधी पट्टीला दोष दिला, मग अर्काच्या बाटलीला. शेवटी बाबांच्या खाजणाऱ्या हातांवरून शंका आली म्हणून स्टेशनच्या रस्त्यावरचं गाजरगवत उपटून आणलं आणि त्याचा थेंब शेजारी दिला. ठिपके तंतोतंत जुळले. आईचा दवणा कधीच मेला होता. त्याच कुंडीत हे उगवलं, पानं तशीच कातरलेली, आणि बाबा फुलूच देत नव्हते, तर ओळखणार कोण?

मी पट्टी पुन्हा करून पाहिली, तेच ठिपके. आईचं म्हणून बाबा जपत होते ते एवढंच, आणि तेच मला उपटायला सांगायचं होतं. फार वाईट वाटत होतं. पण त्यांचे हात सुजायला लागले होते.

"बाबा, हा दवणा नोहोय. गाजरगवत होय. यानंच तुमचे हात खाजून राहिले."

"तुह्या पट्टीनं सांगितलं?"

"हो. पुन्हा करून पाह्यलं."

त्यांनी एक शेंडा खुडून नाकाशी धरला. मला वाटलं, आता चिडतील.

"मंग माह्यं नाक ठीक आहे म्हना."

"नाकाले काय झालं?"

"तुही माय गेली तवापासून याचा वासच येऊन नाही राहिला मले. मले वाटलं, तिच्यासंग तेही गेलं."