पडक्या दाताची बाहुली

चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या घडवून काका निवृत्त झाले आणि तिसऱ्याच महिन्यात जुन्या बाजारातून चिनी मातीची एक बाहुली घेऊन आले. शंभरेक वर्षांची तरी असेल. झगा विरलेला, आणि उघड्या ओठांत समोरचा एक दात गायब.

काकूंनी कपाळाला हात लावला. "या वयात बाहुल्या?"

"दात बघून घेतली," काका म्हणाले.

जुन्या वस्तूला हात लावलात तर किंमत उतरते, असं विकणाऱ्यानं बजावलं होतं. पण काकांचे हात शिवशिवत होते. त्यांनी माळ्यावरची हत्यारं काढली, कवळ्यांच्या उरल्यासुरल्या दातांतला एक पिवळसर दात निवडला, घासून घासून तांदळाच्या कणीएवढा केला आणि अलगद बसवला.

काकूंनी चष्मा लावून निरखलं. नवा दात कोणता, ते त्यांना ओळखता येईना.

आठवडाभर बाहुली कपाटातून हसत राहिली. "टोचतंय म्हणून परत न आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक," काका खुशीत म्हणाले.

रविवारी काकूंनीच त्यांच्या हातात पिशवी दिली. "दुसरी आणा. पण दात पडलेलीच बघा, नाहीतर दिवसभर माझ्या स्वयंपाकात चुका काढत बसाल."