न सुटणारा हात

धुळ्याला एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रॅक्टिकलच्या तयारीसाठी मॅडमनी मला वॉर्डातल्या एका रुग्णाजवळ नेलं. पाचोऱ्याचे चाळिशीतले टेलर होते ते.

"काही विचारू नकोस. फक्त हात मिळव," मॅडम म्हणाल्या.

मी हात पुढे केला, तसा त्या टेलरनी हसून तो धरला. मी मागे घ्यायला गेले, तर पकड सुटेना. ते ओशाळले.

"ताई, मी सोडी ऱ्हायनू, पन हात उघडत नही."

मग त्यांची बोटं हळूहळू, एकेक करून उलगडली. या विकारात आवळलेला स्नायू लवकर सैल होत नाही, हे वाक्य मी कितीदा घोकलं होतं. आता ते माझ्या तळहातावर घडत होतं.

"मायोटोनिया," मी म्हटलं.

मॅडमनी मान डोलावली.